बार्बाडोसला चाललोय, कुठल्या समुद्रावर जाऊ?

मागच्या अंकात मी बार्बाडोसच्या दिवसांबद्दल चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीगच पडला. सगळ्यांना एकच विचारायचंय. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की यजमान तिथल्या केव्ह हिलच्या विद्यापीठात शिकवायला होते आणि आम्ही नऊ वर्षं त्या बेटावर राहिलो. माहेर देवगडचं, त्यामुळे समुद्र मला नवा नव्हता. निदान तसं मला वाटत होतं.

“काकू, फेब्रुवारीत आम्ही सहाजण बार्बाडोसला जातोय. आम्ही दोघं, अकरा आणि सहा वर्षांची मुलं आणि सासू-सासरे. मुक्काम पाच दिवसांचा. ‘टॉप टेन बीच’च्या पाच याद्या काढल्या, पाचही वेगळ्या! सासऱ्यांचे गुडघे दुखतात, नवऱ्याला लाटा हव्यात, मला नुसतं शांतपणे पाण्यात बसायचंय. कुठले बीच निवडू?” – एक वाचक, ठाणे

याद्या फाडून टाका आणि नकाशा काढा. बेट 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. तुम्ही ठाण्याच्या आहात म्हणून सांगते, लांबी सीएसएमटी ते ठाणे आणि रुंदी ठाणे ते कल्याणच्या जरा पुढे. एवढ्याशा बेटाला समुद्र मात्र दोन! आपल्याला समुद्र म्हटला की तो पश्चिमेला, सूर्य बुडतो त्या बाजूला. तिथे वारा बारा महिने पूर्वेकडून येतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक थेट येऊन आपटतो, कारण आफ्रिकेपर्यंत त्याला अडवायला मधे काहीच नाही. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला, म्हणून तिथलं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं. दक्षिण किनारा या दोघांच्या मधला, थोडा खेळकर. एवढं ध्यानात ठेवलंत की अर्धं काम झालं. मग ‘सगळ्यात सुंदर बीच कुठला’ हे विचारायचं नाही. कोण पाण्यात उतरणार आणि किती वाजता, ते विचारायचं.

सासू-सासऱ्यांपासून सुरुवात करू. त्यांना कार्लाइल बेवर न्या. ब्रिजटाउनच्या अगदी दक्षिणेला लागून ही चंद्रकोरीसारखी खाडी आहे. तिच्या एका टोकाच्या वाळूला पेबल्स बीच म्हणतात आणि मधल्या लांब पट्ट्याला ब्राउन्स बीच. उतार अगदी हळू आहे, गुडघ्यांना झटका बसत नाही. पण जायचं ते सकाळी सहाला. जेट लॅगमुळे तुम्ही पहाटे चारला टक्क जाग्या असणारच आहात, त्याचं सोनं करा. त्या वेळी गॅरिसनच्या रेसकोर्सवरचे घोडे पेबल्सवर अंघोळीला आणतात. मोतद्दार घोड्याला धरून पाण्यात शिरतो, घोडा मान वर काढून पोहायला लागतो आणि त्याचं फुरफुरणं पाण्यावरून लांबपर्यंत ऐकू येतं. तुमचा धाकटा ते आयुष्यात विसरणार नाही.

त्याच वेळी तिथल्या बायका ‘सी बाथ’ घ्यायला येतात. पोहायला नाही हं. साठी-सत्तरीच्या आजीबाई डोक्याला टोप्या घालून गळाभर पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तासभर गप्पा मारतात. सुनांची उणीदुणी, औषधांच्या किमती, काल कोण गेलं. पहिल्या वर्षी मी काठावरून बघायची, दुसऱ्या वर्षी त्यांनीच हाक मारली. मी पंजाबी ड्रेस घालूनच उतरले, कोणी वळूनही पाहिलं नाही. तुम्हाला ‘शांतपणे पाण्यात बसायचंय’ ना, ते हेच. सासूबाईंनाही सोबत घ्या.

तिथे भरती-ओहोटीचा फरक फार नाही. आपल्याकडे ओहोटीला पाणी पार लांब जातं, तसं काही होत नाही, त्यामुळे वेळापत्रक बघून निघायची गरज नाही. ऊन मात्र बघा. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य झाडांच्या मागे असतो, दहापर्यंत सावली मिळते. दुपारनंतर तो समोरून भाजून काढतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त, आणि अंधार कसा पडतो ते कळतसुद्धा नाही.

नवऱ्याच्या लाटांसाठी वेगळा दिवस काढू नका. ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच गाठा. नाव अमेरिकेचं, पण झाडं आपल्या सुरूची! त्या सावलीत चटई टाकली की मला देवगडलाच आल्यासारखं वाटायचं. त्याची एक बाजू दगडी बांधाच्या आडोशाला शांत, दुसऱ्या बाजूला लाटा. मुलं इकडे, नवरा तिकडे आणि तुम्ही मधे बसून दोघांवर लक्ष ठेवायचं. हा दिवस शुक्रवार ठेवलात तर संध्याकाळी पलीकडेच ऑइस्टिन्सला मासे भाजण्याचा बाजार भरतो. सुरमई, ट्यूना, उडणारा मासा, शिवाय लाउडस्पीकर आणि नाचणारी म्हातारी जोडपी. मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये.

अकरा वर्षांच्या थोरल्याला होलटाउनच्या फोकस्टोनला न्या. तो राखीव सागरी पट्टा आहे. वाळू यथातथाच, पण मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की रंगीत मासे दिसतात. रबरी सपाता घालायला लावा, दगडांत समुद्री साळू म्हणजे काटेरी गोळे असतात. कासवं कार्लाइल बेमध्ये दिसतात आणि पेन्स बेलाही. बोटवाले त्यांना खाऊ टाकून जवळ बोलावतात. मला ते कधीच आवडलं नाही. माणसाच्या हातची सवय लागलेलं कासव बोटीच्या पंख्याजवळ यायला घाबरत नाही. थोडा वेळ शांत तरंगत राहिलात तर फुकटात दिसेल, आणि हात लावायचा नाही.

आता पूर्वेचं सांगते. बाथशेबाला जरूर जा, अर्धा दिवस द्या. जुन्या प्रवाळाचे घराएवढे खडक पाण्यात उभे आहेत, लाटांनी बुडातून पोखरलेले, अळंब्यांसारखे. फोटोत सगळ्यात देखणी जागा हीच, म्हणून ती प्रत्येक यादीत असते आणि यादीत आहे म्हणून लोक पोहायला उतरतात. तिथे पोहायचं नाही. सर्फिंगवाल्यांची गोष्ट वेगळी. ओढ अशी असते की कमरेएवढ्या पाण्यातून पाय सुटतात. ओहोटीला खडकांमधे डबकी तयार होतात, त्यात बसा, मुलांना डुंबू द्या. आमची शेजारीण म्हणायची, समुद्राला मागचं दार नसतं. ही तिथली घराघरातली म्हण आहे. आत शिरलास त्याच दाराने बाहेर यावं लागतं, आणि ते दार लाटेने लावून घेतलं तर दुसरं नाही.

क्रेन बीचचं तसं नाही, पण त्याच्या जवळपासचं. वाळू गुलाबी झाक असलेली, लाटा मजबूत. नवऱ्याला पोहता येत असेल तर एक सकाळ द्या, लाल बावटा असेल तर परत फिरा. खाली उतरायला पायऱ्या आहेत, सासऱ्यांना नेऊ नका.

पश्चिमेचंही पाणी नेहमीच तळं नसतं बरं का. डिसेंबर ते मार्च कुठेतरी लांब उत्तरेला वादळ होतं आणि त्याच्या लाटा दोन दिवसांनी या शांत किनाऱ्यावर येतात. पाणी गढूळ दिसलं, वाळू कापली गेलेली दिसली की तो दिवस दक्षिणेला काढायचा.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा: मँचिनील. पश्चिम किनाऱ्यावर पाण्याच्या कडेलाच वाढणारं, छान घनदाट सावलीचं झाड. छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ वाळूत पडलेलं असतं, वासही गोड. फळ विषारी आणि चीक त्याहून वाईट. आमच्या पहिल्याच महिन्यात पाऊस आला म्हणून यजमान एका झाडाखाली उभे राहिले. पाच-सात मिनिटं असतील. पानांवरून ओघळलेलं पाणी खांद्यांवर पडलं. रात्री आग व्हायला लागली, सकाळी बघते तर दोन्ही खांद्यांवर गरम तेल उडाल्यासारखे फोड. आठवडाभर माणूस पालथा झोपला. झाडाच्या बुंध्याला तांबडा पट्टा होता. आम्हाला वाटलं, नगरपालिकेने तोडायला खूण केली असेल! तेव्हा तांबडा पट्टा दिसला की चार हात लांब. पट्टा सगळ्याच झाडांना असेल असंही नाही. म्हणून पावसात कुठल्याच अनोळखी झाडाखाली उभं राहायचं नाही आणि मुलांना पडलेलं फळ उचलू द्यायचं नाही.

आणि मुलांच्या बॅगेत लष्करी छापाची चड्डी-टोपी असेल तर घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा.

पाच दिवसांत तीन-चार समुद्र बास झाले. कार्लाइल बेला दोनदा गेलात तरी चालेल. मी नऊ वर्षं गेले.

“2024 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप टीव्हीवर पाहिल्यापासून ब्रिजटाउनचं केन्सिंग्टन ओव्हल मैदान बघायचं ठरवलंय. पुढच्या दौऱ्यात मित्रांबरोबर जाणार, पण समुद्रासाठी एकच मोकळा दिवस आहे. जवळात जवळ कुठे?” – एक वाचक, सांगली

29 जूनच्या त्या रात्री मीही पुण्यात बसून ओरडत होते. सात धावांनी जिंकलो आणि मग बेरिल वादळामुळे आपली टीम तिथेच अडकून पडली. मला मेलीला त्यांचा हेवा वाटला.

ओव्हलपासून चालत जाण्यासारखा ब्रँडन्स बीच आहे. शांत पाणी, लांब पट्टा, गर्दीही बेताची. सामना संपल्यावर घामेजलेल्या अंगाने थेट तिथे जा. पण पूर्ण दिवस हाताशी असेल तर बसने बाथशेबा बघून या. भाडं साडेतीन बार्बाडियन डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर, कारण दोनाला एक असा भाव तिथे कित्येक वर्षं ठरलेला आहे. निळ्या सरकारी बसमधे सुटे द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. बसथांब्यावर गावाचं नाव शोधू नका. पाटीवर फक्त ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला पहिल्यांदा हसू आलं होतं, नंतर वाटलं, बेटावर आणखी काय लागतं? पांढऱ्या छोट्या व्हॅनमधे बसलात तर दहाच्या जागी पंधराजण आणि कानठळ्या बसवणारं संगीत मिळेल. सांगलीच्या वडापला सरावलेल्यांना काही वाटणार नाही.

“आम्ही टोरांटोला असतो. जुलैचं बुकिंग केलं, हॉटेल आग्नेय किनाऱ्यावर. आता सगळे म्हणतात शेवाळ येतं, वास येतो. रद्द करू का?” – एक वाचक, टोरांटो

रद्द करू नका, दिवस कुठे घालवायचा ते बदला. त्या तपकिरी शेवाळाला सारगॅसम म्हणतात. 2011 पासून ते अटलांटिकमधून तांड्यातांड्याने यायला लागलं, वसंत ते उन्हाळा जास्त. समुद्रात तरंगतं तोवर त्याचा काही त्रास नाही, उलट माशांची आणि कासवांची पिल्लं त्यात लपतात. किनाऱ्याला लागून कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आग्नेयेला राहणाऱ्या आमच्या एका ओळखीच्या बाईंकडे देवघरातलं चांदीचं तबक आठवडाभरात काळं पडलं होतं. त्या बिचाऱ्या रोज चिंचेने घासायच्या.

पण हे शेवाळ वाऱ्याबरोबर येतं, म्हणजे पूर्वेला आणि दक्षिणेला जास्त. पश्चिम किनारा बऱ्यापैकी वाचतो. आज गुडघाभर ढीग आणि परवा वाळू स्वच्छ, असंही होतं. हॉटेलवाल्यांना ‘शेवाळ आहे का’ असं विचारू नका, ‘आज सकाळचा फोटो पाठवा’ म्हणा. नसेल पाठवत तर समजून घ्या. तुमच्या हॉटेलातून कार्लाइल बेला गाडीने तासाभराच्या आत पोचता. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवा.

शेवाळापेक्षा वादळाची काळजी करा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. बार्बाडोस इतर बेटांपेक्षा पूर्वेला असल्यामुळे बरीच वादळं उत्तरेकडून निघून जातात. सगळी जात नाहीत, 2021 च्या जुलैत एल्साने घरांची छपरं उडवली. पैसे परत मिळतील असंच तिकीट असू द्या.

“एका आलिशान हॉटेलसमोरच्या वाळूवर बसलो तर सुरक्षारक्षकाने उठवलं. बीच त्यांच्या मालकीचा असतो का?” – एक वाचक, नागपूर

नसतो. बार्बाडोसमधे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. खुर्ची त्यांची, छत्री त्यांची, वाळू तुमची. पश्चिम किनाऱ्यावर हॉटेलांच्या भिंतींमधून बोळ ठेवलेले असतात, इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागतं. त्यातून आत शिरायचं. तुम्ही खुर्चीवर बसला होतात की वाळूवर, ते पत्रात नीट लिहिलेलं नाही. खुर्चीवर असाल तर रक्षकाचं बरोबर होतं.

“सासूबाई पक्क्या शाकाहारी. समुद्रावर त्यांना खायला काय?” – एक वाचक, कोथरूड

नीरफणस. कोकणात आपण काप करतो तोच. तिथे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात आणि विस्तवावर अख्खा भाजतात. मागताना मासा नको, हॅम नको, नुसतं लोणी-मीठ, असं स्पष्ट सांगा. छोले-बटाट्याची गुंडाळलेली रोटी मिळते, त्रिनिदादकडची. ‘मॅकरोनी पाय’ म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, ती घेण्याआधी अंडं आहे का विचारा. चिंचेचे साखरेत घोळवलेले गोळे पाकिटातून विकतात, आपल्या चिंचगोळ्यांची सख्खी बहीण. पिवळी मोहरीची मिरची-चटणी मात्र बोटाच्या टोकावर घेऊन आधी चाखायला सांगा. मी पहिल्या दिवशी पळीभर वाढून घेतली होती, कोल्हापूरची सून असल्याच्या तोऱ्यात.