फिटनेस बँडवरचा पल्स आणि कॅलरी कितपत खऱ्या मानायच्या?

बसल्या जागी किंवा झोपेत दिसणारा पल्स बहुतेक वेळा बरोबर असतो. कॅलरीचा आकडा मात्र निव्वळ अंदाज असतो, त्यावरून जेवण ठरवू नका.

मी साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळतो. डिसेंबरातल्या एका पहाटे उतारावर बँडवर पल्स 172 दिसला आणि मी घाबरून थांबलो. लगेच मानेवर बोटं ठेवून 15 सेकंद मोजले, 34 ठोके भरले. म्हणजे मिनिटाला 136! झालं असं की बँडमधला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची हालचाल टिपतो. थंडीत मनगटाकडे रक्त कमी येतं, पट्टा सैल असेल तर बँड हलतो, आणि मग तो पावलांच्या तालालाच ठोके समजतो. तेव्हापासून पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधतो. घाटात अचूक आकडा हवाच असेल तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो.

पावलांचंही तसंच. भाजीची पिशवी धरलेला हात हलत नाही, मग पावलं कमी भरतात. आणि रोजच्या दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका, तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमधल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून आलाय.

पण छातीत दुखलं, चक्कर आली, तर बँडवर सगळं नॉर्मल दिसत असलं तरी तडक डॉक्टरांकडे जा. माझ्या वडिलांनाही मी हेच बजावून ठेवलंय.