चहा तोच, मग झोप आताच का उडाली?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून भांडुपहून फोर्टला नोकरीसाठी जाते. दिवसाला सहा चहा होतात. शेवटचा संध्याकाळी सहाला, लोकल गाठण्याआधी. पूर्वी पाळीच्या आधी चार-पाच दिवस चिडचिड होत असे. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या, तेव्हापासून मात्र रोजच रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही आणि छातीत धडधडते. घरचे म्हणतात, कामाचा ताण आहे.
– एक वाचक

उत्तर : ताण असेलही, पण मला तुमच्या पत्रातला गोळ्यांचा उल्लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्यामुळे आपल्याला झोप येते. चहातले कॅफिन त्याचीच जागा अडवून बसते, म्हणून चहाने थकवा जात नाही, तो जाणवेनासा होतो इतकेच. या कॅफिनचा निचरा यकृतात होतो. एरवी साधारण ५ तासांत निम्मे कॅफिन शरीरातून जाते, पण गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) असेल तर ते काम मंदावते आणि त्याला जवळपास दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणजे स्टेशनाबाहेर घेतलेल्या त्या सहाच्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे चारलाही तुमच्या रक्तात असू शकते! पाळीपूर्वीचे दिवस तर गोळ्यांशिवायही नाजूकच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अंगाचे तापमान किंचित चढलेले असते आणि पुष्कळ जणींची झोप तेव्हा सावध होते.

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानतात आणि सहा कप चहात बहुधा त्याहून कमीच असते. तेव्हा तुमचे प्रमाण नव्हे, वेळ चुकते आहे. शेवटचा चहा दुपारी बारापूर्वी घ्या. चहा एकदम तोडू नका, कारण त्याने दुसऱ्याच दिवशी डोके ठणकू लागते. दर तीन-चार दिवसांनी दुपारनंतरचा एकेक कप कमी करा.

आणखी एक. डब्यासोबत चहा घेत असाल तर त्यातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही, म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि रक्तक्षयातही अशीच धडधड होते. त्यामुळे हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्याच. गोळ्या मनाने बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिल्या, त्यांना हे सगळे सांगा. धडधडीसोबत चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.