फंक्शनच्या डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य आणखी चांगलं कसं करावं?

तुम्ही दिलेलं वाक्य असं आहे: ‘दिलेल्या दोन तारखांमधल्या नोंदी परत देतं.’ ते आणखी नेटक्या शब्दांत कसं लिहावं, असं विचारलंय. माझा सल्ला असा की शब्दांना नंतर हात लावा, आधी कोड उघडा. या वाक्याच्या भाषेत काही बिघडलेलं नाही, पण त्यात माहितीच नाही. फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर बघून कुणालाही जे कळलं असतं, तेच इथे पुन्हा लिहिलंय.

डॉक्युमेंटेशन निवांत वाचायला कुणी येत नाही. कॉल लिहिताना अडलेला माणूस येतो, नाहीतर आलेलं उत्तर बघून चक्रावलेला. त्याला विचारायचं असतं की शेवटची तारीख धरली आहे की नाही? एकही नोंद नसेल तर रिकामी यादी मिळते की नल (म्हणजे ‘काहीच नाही’ असं मूल्य)? तारखा उलट्या दिल्या तर एरर येतो की फंक्शन गपचूप काहीतरी देऊन मोकळं होतं? नोंदी कुठल्या क्रमाने येतात?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, कारण अंदाज बांधायला काही आधारच नसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं रेंज, म्हणजे आकड्यांची मालिका देणारं फंक्शन, शेवटचा आकडा सोडून देतं, आणि त्याच पायथनच्या रँडम मॉड्यूलमधलं रँडइंट, म्हणजे दोन आकड्यांमधला कुठलाही एक आकडा देणारं फंक्शन, दोन्ही टोकं धरतं. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेतलं बिट्वीन दोन्ही टोकं धरतं, तरीही तिथे लोक फसतात. कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल आणि तुम्ही १ जानेवारी ते ३१ जानेवारी असं मागितलंत, तर ३१ तारीख म्हणजे त्या दिवसाचे ००:०० वाजले असं धरलं जातं. त्यानंतरच्या दिवसभराच्या नोंदी गळतात. तुमचं फंक्शन आतून बिट्वीन वापरत असेल तर हे आधी तपासा. ‘शेवटची तारीख धरून’ एवढं लिहिलंत तर वाक्य बरोबर वाटेल आणि चुकीचं असेल.

दुसरं म्हणजे, फंक्शन काय करत नाही तेही लिहायला कचरू नका, विशेषतः जिथे वाचणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो तिथे. पायथनमध्ये स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, डावीकडची अक्षरं काढणारं एलस्ट्रिप घ्या. ‘१००-१०४५’ या क्रमांकातून सुरुवातीचं ‘१००-’ काढायला ते वापरलं, तर ‘१०४५’ मिळेल असं वाटतं. मिळतं ‘४५’. कारण दिलेली अक्षरं तिथे सलग तुकडा म्हणून नाही, सुटी सुटी धरली जातात: डावीकडून १, ० किंवा - यांपैकी काहीही दिसलं की ते जातं, आणि थेट ४ पाशी थांबतं. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये आता साफ लिहिलेलं आहे की हा आर्ग्युमेंट म्हणजे प्रीफिक्स (सुरुवातीचा सलग तुकडा) नव्हे. ते वाक्य दिसायला किरकोळ आहे, पण त्या नोंदीतलं सगळ्यात उपयोगाचं तेच. अर्थात शब्दांनाही मर्यादा असते. शेवटी २०२० मध्ये पायथन ३.९ सोबत रिमूव्हप्रीफिक्स हे वेगळं फंक्शनच आणावं लागलं. तुमच्या फंक्शनला तीन-चार इशारे जोडावे लागत असतील, तर डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच फंक्शनखाली लिहिलेलं हे वर्णन) सोडा आणि पॅरामीटरची नावं बदलता येतात का ते बघा.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. कोड आज जे करतो ते सगळंच लिहायचं नसतं. नोंदी आज तारखेच्या क्रमाने येत असतील, पण कुणी मुद्दाम क्रम लावलेला नसेल, डेटाबेस तशा देतो म्हणून त्या तशा येत असतील. ‘तारखेनुसार क्रमाने’ असं लिहिलंत की ते वचन झालं. उद्या डेटाबेसचा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) बदलला, क्रम मोडला, की दोष तुमचा. पायथनच्या डिक्शनरीचं, म्हणजे ‘की’ (key) आणि तिचं मूल्य अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेचं, उदाहरण बोलकं आहे: ३.६ मध्ये ती ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने या ‘की’ देऊ लागली, पण यावर विसंबू नका असं डॉक्युमेंटेशन सांगत होतं. ३.७ पासून तोच क्रम भाषेची हमी झाला. वागणूक तीच होती, डॉक्युमेंटेशनचे शब्द मात्र वचन दिल्यावरच बदलले.

क्रियापद आज्ञार्थी (‘परत दे’) ठेवावं की वर्णनात्मक (‘परत देतं’), यावर रिव्ह्यूमध्ये फार वेळ जातो. पायथनमधल्या डॉकस्ट्रिंगचे संकेत सांगणारी पेप २५७ आज्ञार्थी सुचवते, जावा भाषेच्या जावाडॉकची पद्धत वर्णनात्मक. प्रकल्पात जे चालत आलंय ते ठेवा आणि पुढे चला.

हे सगळं धरून तुमचं वाक्य मी साधारण असं लिहीन:

‘सुरुवातीच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतच्या नोंदी यादीच्या रूपात देतं. दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात आणि तारखा यूटीसीनुसार मोजल्या जातात. नोंद नसेल तर रिकामी यादी मिळते. सुरुवात शेवटानंतरची असेल तर व्हॅल्यूएरर येतो. नोंदींच्या क्रमाची हमी नाही.’

यातला तपशील मी गृहीत धरलाय. एकेक वाक्य तुमच्या फंक्शनवर चालवून बघा, मगच ठेवा. खाली एक उदाहरणही द्या, पण सरळसोट नको, शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराची नोंद असलेलं द्या. पायथन वापरत असाल तर डॉकटेस्टने ते उदाहरण चालवून तपासताही येतं, म्हणजे कोड बदलला आणि उदाहरण जुनं राहिलं तर लगेच कळेल.

तपासताना एखादा बग सापडण्याची शक्यता बरीच आहे. उदाहरणार्थ, उलट्या तारखांना एरर न देता रिकामी यादी येत असेल. ती वागणूक नियम म्हणून डॉकस्ट्रिंगमध्ये लिहून टाकू नका. आधी तसं मुद्दाम केलंय का ते टीमला विचारा, आणि दुरुस्ती करायचीच ठरली तर ती शब्दांच्या बदलासोबत न मिसळता वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून सामावून घ्यायच्या विनंतीत) पाठवा.