मुलीच्या एमबीएआधी ग्राइंडिंगकडे बघा

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा पंपाचे शाफ्ट बनवायचा छोटा कारखाना आहे. ऑर्डरी भरपूर, पण माल वेळेवर जात नाही, कर्ज वाढतंय. शाफ्ट कातणारी दोन्ही सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी मशीन) रात्रपाळीतही चालू असतात. त्यापुढच्या ग्राइंडिंगपाशी, म्हणजे शाफ्ट घासून अचूक मापाला आणतात तिथे, तर क्रेट ठेवायला जागा नसते. तिसऱ्या सीएनसीसाठी कर्ज काढतोय. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला डिझाइनमध्ये एमटेक करायचंय. मी म्हणतो, एमबीए करून कारखाना सांभाळ, पुढचे हप्ते तूच भरशील. तिला कसं समजावू?
– एक वडील, ऐरोली

उत्तर : तिला काहीही समजावू नका. शिक्षणही पूर्ण न झालेल्या मुलीच्या नावावर तुम्ही मनातल्या मनात कर्ज टाकून मोकळे झालात, याचं मला फार वाईट वाटलं. तिने कारखान्यात यायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. बुडत्या धंद्याची भीती दाखवून घेतलेला होकार हा होकार नसतो.

शिवाय एमबीए करून ती परत येईपर्यंत अडीच-तीन वर्षं जातील. तुमचा कारखाना तेवढा थांबेल का?

आता मूळ गैरसमजाकडे येतो. मशीन बंद दिसलं की नुकसान, असं तुम्ही धरून चाललायत. समजा दोन्ही सीएनसी मिळून तासाला ३० शाफ्ट काढतात आणि ग्राइंडिंगवर १० होतात. म्हणजे गाडीत तासाला १०च चढणार. उरलेले २० क्रेटमध्ये पडून राहणार, आणि त्यांत तुमच्या स्टीलचे, विजेचे, रात्रपाळीच्या पगाराचे पैसे अडकणार. तिसरी सीएनसी आली तर हा ढीग फक्त वाढेल. ग्राइंडिंगचा एक तास वाया गेला की अख्ख्या कारखान्याचा तास गेला; लेथ तासभर थांबली तर काहीच बिघडत नाही. १९८०च्या दशकात पुढे आलेल्या ‘थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स’चा, म्हणजे अडथळ्यांच्या सिद्धांताचा, गाभा हाच आहे.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करू नका. आठवडाभर ग्राइंडरपाशी उभे राहा आणि तो कधी, कशामुळे थांबतो ते वहीत लिहा. जेवणाच्या सुट्टीत थांबतो? एकच ऑपरेटर आहे म्हणून थांबतो? मग दुसरा माणूस तयार करा, सुट्ट्या आलटून-पालटून द्या. साइजमध्ये कमी भरलेला शाफ्ट ग्राइंडिंगआधीच तपासून बाजूला काढा. रिजेक्ट होणाऱ्या मालावर तिथला वेळ घालवू नका. कोणता लॉट आधी घ्यायचा, हे डिस्पॅचच्या तारखेवरून ठरवा. लेथवर माल ग्राइंडिंगला झेपेल तेवढाच सोडा. एवढं करूनही कमी पडलं, तर ग्राइंडिंग बाहेर जॉबवर्कला द्या किंवा दुसरा ग्राइंडर घ्या. तिथली अडचण सुटली की ती दुसरीकडे, कदाचित हीट ट्रीटमेंटला (शाफ्ट तापवून कडक करतात तिथे), सरकेल. तेव्हा तिथे असंच उभं राहायचं.

यातल्या एकाही कामाला पदवी लागत नाही. तुम्हीच हवेत, रोज शॉपफ्लोअरवर.

मुलीला पुढे उत्पादन व्यवस्थापनात मनापासून गोडी वाटली, तर कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयएम मुंबईत (२०२३ पर्यंत हीच संस्था निटी होती) जाता येईल. डिझाइनच्या एमटेकसाठी गेट ही परीक्षा आहे. पण पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. तिला डिझाइनच का करायचंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही.