‘शाश्वत समाज’ : ठरावात कोणता शब्द लिहावा?

खटाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलं आहे : “गावाचा विकास आराखडा लिहितोय. इंग्रजीतल्या ‘सस्टेनेबल सोसायटी’ला कुणी शाश्वत समाज म्हणतं, कुणी टिकाऊ समाज, हिंदी पत्रकांत ‘सतत’ असतं. बरोबर कोणतं? आणि ठरावात नुसतं ‘शाश्वत’ लिहिलं तर पुरे का?”

ताई, शब्द ‘शाश्वत’च ठेवा, पण त्याला एकटं सोडू नका. शेजारी ‘पुरवून वापरणे’ हे क्रियापद आणि एक आकडा बसवा.

‘सतत’ आधी बाजूला काढू. हिंदीत ‘सतत विकास’ रुळलेला आहे, त्यांच्यापुरता तो ठीक. मराठीत सतत म्हणजे न थांबता : सतत पाऊस, सततची कटकट. ‘सतत विकास’ वाचून आपल्या माणसाला न थांबणारं बांधकाम आणि न थांबणारा उपसाच आठवेल. मूळ अर्थाच्या नेमकं उलट.

‘टिकाऊ’ हा रोजच्या घरातला शब्द. शिकणेवरून शिकाऊ, लढणेवरून लढाऊ, तसा टिकणेवरून टिकाऊ. तो वस्तूच्या अंगचा गुण सांगतो : टिकाऊ चप्पल, टिकाऊ रंग. ती वस्तू कशाच्या जिवावर उभी आहे, तिच्यापायी काय संपत चाललंय, हे त्यात येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी भलतीच टिकाऊ असते; ओढ्यात अडकली तरी वर्षानुवर्षं कुजत नाही, हाच तिचा दोष. रस्ता, बंधारा, पाइपलाइन यांना टिकाऊ म्हणा, समाजाला नको.

आता ‘शाश्वत’. मूळ संस्कृत अव्यय ‘शश्वत्’, म्हणजे पुन्हा पुन्हा, सदैव. रामायणातल्या ‘मा निषाद’ या श्लोकात ‘शाश्वतीः समाः’ आहे, तिथे अर्थ अनंत वर्षं. म्हणून काही जण विचारतात की अनंतकाळ टिकणारा समाज कुणी पाहिलाय? हा आक्षेप फार जड वाटत नाही. वापराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि पाठ्यपुस्तकांपासून शासनाच्या कागदांपर्यंत ‘शाश्वत विकास’ आता रुजला आहे.

खरी अडचण आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या बोलण्यातच आहे. तो शब्द म्हणजे ‘शाश्वती’. “यंदा पावसाची शाश्वती नाही.” “पिकाची काय शाश्वती?” इथे अर्थ आहे भरवसा, खात्री. त्यामुळे माण-खटावात किंवा जत-आटपाडीत ‘शाश्वत पाणी’ म्हटलं की डोळ्यांपुढे हमखास येणारं पाणी उभं राहतं, टेंभू किंवा म्हैसाळ उपसा योजनेचं. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट बघितलेल्या माणसाने तो अर्थ घेतला तर त्याचं काही चुकत नाही. पण शाश्वती बघते ती घेणाऱ्याची सोय : मला मिळेल का? शाश्वत विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने दिलेल्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या घेणाऱ्यालाच बांधून घालते : आजच्या गरजा अशा भागवा, की पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची कुवत कमी होऊ नये. हे दोन अर्थ एकाच शब्दात मिसळले की ग्रामसभेत पहिला जिंकतो, आणि ‘गावास शाश्वत पाणीपुरवठा करणे’ या ओळीखाली आणखी एक बोअर मंजूर होतं.

पहिला अर्थ पुरा झाला आणि त्यानेच दुसरा मोडला, असं बघायचं असेल तर कृष्णाकाठी मिरज, वाळवा, पलूसकडची क्षारपड रानं बघा. पाण्याची शाश्वती तिथे पुरेपूर. भारी काळी जमीन, निचरा मंद, आणि रान वाफशावर यायच्या आत उसाला पुन्हा पाणी. (‘वाफसा’ या शब्दासाठी मराठीचा अभिमान वाटावा : मातीत ओल आणि हवा दोन्ही मुळांना मिळतील अशी स्थिती, एका शब्दात.) वाफसा मोडत गेला की भूजल वर चढतं. ते मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि रान पांढरं पडतं. इथेही शब्द नेमका वापरावा लागतो. ‘क्षारयुक्त’ जमिनीचा सामू (पीएच) साधारण ८.५च्या आत असतो. तिला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणं हा उपाय. ‘चोपण’ जमिनीत सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५च्या वर जातो. तिला जिप्सम लागतं, तेही माती तपासून. सरसकट सगळ्याला ‘खारवट’ म्हणून क्षारयुक्त रानात जिप्सम टाकलं तर पैसे जातात आणि क्षार तिथेच राहतो. चोपणातही निचरा नसेल तर जिप्समने सुटलेला सोडियम वाहून जायला वाट मिळत नाही.

म्हणून ‘पुरवणे’. गहू वर्षभर पुरवायचा, तेल महिनाअखेरपर्यंत पुरवायचं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या क्रियापदात साठा आला, मुदत आली आणि खाणारी तोंडंही आली. पावसाळ्याची बेगमी करताना बियाण्याच्या कणगीला हात लावत नाहीत, तेच इथे. युरोपातही या कल्पनेचा उगम असाच हिशोबी आहे. १७१३ साली सॅक्सनीच्या खाणखात्यातले अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी वनशास्त्रावर पुस्तक लिहिलं, कारण भट्ट्यांसाठी लाकूड मिळेनासं झालं होतं. जंगल भरून येईल त्या बेताने तोडा, हा त्याचा गाभा.

अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी याचे तीन नियम केले. ते मराठीत क्रियापदांनी सांगितले तर सहज बसतात. जे पुन्हा उगवतं किंवा भरतं, ते भरून येण्याच्या वेगानेच, पुरवून वापरा. घाण आणि सांडपाणी माती-पाणी जिरवू शकेल तेवढंच सोडा. जे पुन्हा भरत नाही, ते पर्याय उभा राहील त्याच वेगाने संपवा.

आता आकडा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. १,००० हेक्टरांचं शिवार आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५० लाख घनमीटर होतात. पाण्याच्या ताळेबंदात इथेच पहिली चूक होते : हा सगळा आकडा जमेला धरतात. बराचसा पाऊस उडून जातो, वाहून जातो, पिकाच्या मुळाशी खर्ची पडतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात भूजलात मुरणारा हिस्सा ढोबळमानाने दहावा धरा : ५ लाख घनमीटर. गावाची वस्ती २,०००, माणशी रोज ५५ लिटर, तर वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर. उसाला पावसाचा हात वगळून हेक्टरी १५,००० घनमीटर उपसावं लागतं असं धरलं, तर अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी साडेसहा एकर उसाएवढं भरतं. जनावरं आणि बाकीची पिकं सोडून दिली तरी, पिण्या-वापरण्याचं वजा करून मुरलेलं उरलेलं सगळं पाणी तीस हेक्टर उसात संपतं, म्हणजे शंभर हेक्टरांत तीन.

ठरावात ‘शाश्वत जलव्यवस्थापन करण्यात येईल’ असं लिहिलंत तर ते कोण करणार, कधी, किती, काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा : “परतीचा पाऊस थांबल्यावर, रब्बीचा पेरा पक्का होण्याआधी, ग्रामसभा पर्जन्यमापकाची नोंद आणि ठरलेल्या विहिरींची पातळी वाचून पाण्याचा ताळेबंद मांडेल. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी राखून ठेवील. उरलेलं पाणी मे अखेरपर्यंत पुरवायचं, या हिशोबाने पिकांचं क्षेत्र ठरवील.” विहिरी दरवर्षी त्याच हव्यात, ज्या विहिरीला ऐनवेळी पाणी दिसतं तीच मोजली तर ताळेबंद दरवर्षी गोड दिसतो. मेमध्ये पुन्हा मोजा, दोन नोंदींतला फरक म्हणजे तुमचा खर्च.

असे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त ते आराखड्यात येत नाहीत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाणीपाळी : प्रत्येकात कुणी काय करायचं किंवा करायचं नाही हे आहे. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा तर याच भागातल्या चळवळींनी रुजवलेला शब्द. येरळेवरच्या बलवडीच्या बळीराजा धरणाचं पाणी वाटताना भूमिहीनांचाही वाटा धरला गेला आणि त्या पाण्यावर ऊस नाही असं ठरलं. ‘समान’ न म्हणता ‘समन्यायी’ म्हटलं, कारण एकराप्रमाणे समान वाटलं तर ज्याला रान नाही त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. ‘सस्टेनेबल सोसायटी’तला ‘सोसायटी’ हा भाग मराठीत कुठे दिसत असेल, तर या शब्दात.

इंग्रजीत ‘बॅककास्टिंग’ नावाची नियोजनाची रीत आहे, तिला ‘उलटी आखणी’ म्हणता येईल. लग्नाची तिथी धरली की आपण मागे मोजत येतो : हळद, बस्ता, पत्रिका. तसंच, २०४०च्या मे महिन्यात विहिरीला किती परस (पुरुषभर खोलीचं माप) पाणी हवं ते आधी ठरवायचं आणि मागे येत यंदाचं काम ठरवायचं. ‘पूर्वनियोजन’ हा शब्द इथे चालणार नाही, त्यात दिशा हरवते.

जाता जाता ‘ध्येय’ आणि ‘लक्ष्य’ यांचं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या २०१५च्या यादीत मोठी उद्दिष्टं १७ आणि त्यांच्या पोटातली १६९ आहेत. मोठ्याला ‘ध्येय’, पोटातल्या मोजता येणाऱ्याला ‘लक्ष्य’ लिहा आणि संपूर्ण आराखड्यात ते बदलू नका. आणि ‘लक्ष’ म्हणजे ध्यान किंवा लाख. ‘लक्ष्य’मधला ‘य’ लिहायचा राहिला तर ‘पाण्याचे लक्ष’ असं काहीतरी वाचलं जातं.