खारघरला जाण्याआधी बायोप्सीचा ब्लॉक ताब्यात घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील ७१ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय, हॉर्मोनची इंजेक्शनं चालू असूनही पीएसए, म्हणजे आजार किती आहे याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, पुन्हा चढतोय. डॉक्टरांनी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कॅन्सर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये नव्या उपचारांची चौकशी करायला सांगितलंय आणि घरच्यांना धास्ती आहे, बाबांवर प्रयोग करतील म्हणून. मी डॉक्टर नाही. ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. त्या अनुभवावरून सांगतो, निघण्याआधी बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

ब्लॉक म्हणजे प्लास्टिकची छोटी जाळीदार चौकट, कडेला नंबर, आणि आत मेणात बसवलेले बायोप्सीचे सुतासारखे बारीक तुकडे. रिपोर्टची फाइल सगळे जपतात, ब्लॉक लॅबच्या कपाटातच राहतो. आज कुठलं औषध लागू पडेल हे बऱ्याचदा त्या मेणातल्या पेशींच्या डीएनएवरून ठरतं. बीआरसीए २ सारख्या जनुकात बिघाड असेल, तर कॅन्सरच्या पेशीला आपला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. ओलापॅरिबसारखी गोळी दुरुस्तीची दुसरी वाटही अडवते आणि पेशी मरते. अमेरिकेत २०२० साली या आजारासाठी तिला मंजुरी मिळाली, पण ती सरसकट कुणालाही देत नाहीत, आधी तपासणी लागते. हाडाची नवी बायोप्सी करू म्हणाले तर जुन्या ब्लॉकची आठवण करून द्या. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो. ब्लॉक फार जुना असेल तर रक्तावरून तपासणी होईल का, तेही विचारा.

आणि हे तुमच्यासाठीही आहे. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात, आजार पसरलेल्या सुमारे १२ टक्के रुग्णांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकातला दोष जन्मजात निघाला. वडिलांत तसा निघाला तर तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही जेनेटिक समुपदेशन घ्यायला हवं, कारण बीआरसीएचा संबंध स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशीही आहे.

पीएसए चढतोय म्हणजे औषधं संपली, असं समजू नका. आधी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ही इंजेक्शनं जे खाली आणतात ते पुरुषी हॉर्मोन, तपासून घ्या, ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असूनही आजार वाढत असेल तरच इंजेक्शनला दाद देत नाही असं म्हणतात. अशा पेशी पुरुषी हॉर्मोन स्वतःच तयार करू लागतात, हे प्रयोगशाळेत कळलं. तेच थांबवणारं अ‍ॅबिराटेरोन लंडनच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात शोधलं आणि रुग्णांपर्यंत यायला २०११ उजाडलं. वडिलांना ते आधीच दिलंय का, हे फाइलमध्ये बघून ठेवा.

ल्युटेशियमचं तुम्ही विचारलंत. प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून सलाइनमधून देतात. त्याचे किरण फार तर दोन मिलिमीटर जातात, म्हणून मारा मुख्यतः गाठीवर बसतो. पण लाळग्रंथींवरही परिणाम होतो, तोंड कोरडं पडतं, रक्तपेशी उतरतात. आधी पीएसएमए पेट स्कॅनमध्ये गाठी उजळाव्या लागतात. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं, म्हणजे खारघरपासून खाडीपलीकडे. अर्धायुष्य जेमतेम साडेसहा दिवसांचं, म्हणजे तेवढ्यात त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे तारीख मिळाली की चुकवायची नाही.

आता धास्तीबद्दल. ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरच्या चाचणीत, घेण्याआधी संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणा, वडिलांना स्वतःला वाचू द्या. सही केली तरी कधीही बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे ना, बघा. एक प्रश्न मात्र नक्की विचारा: नवं औषध ज्यांना मिळणार नाही, त्या गटाला काय देणार?

ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. पण वडिलांची हाडं दुखत असतील तर पहिल्या खेपेला त्यांना नेऊ नका, आधी फाइल घेऊन तुम्हीच चौकशी करून या. ब्लॉकसाठी लॅबला साधा अर्ज द्या, त्यावर बायोप्सीचा नंबर लिहा आणि दिलेल्या ब्लॉकची पोच घ्या. लॅबने टाळाटाळ केली तर इथेच कळवा, अर्जाचा मजकूर लिहून देतो.