पुस्तकातल्या बहिणींसारख्या आम्ही का नाही?

“पुस्तकांतल्या बहिणी एकमेकींसाठी जीव टाकतात, आम्ही सख्ख्या असूनही आईच्या औषधांपलीकडे बोलत नाही, मग आमच्यातच काही उणे आहे का?” हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेक स्त्रियांनी विचारला आहे. पुढील हकिकत अशाच एका थोरल्या बहिणीची असून, ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.

नाशिकला आईजवळ राहणारी, पन्नाशीकडे झुकलेली ही बाई आपल्या वाचनमंडळात शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ वाचत होती. मंडळात प्रत्येकजण आपल्या बहिणीच्या आठवणी सांगून डोळे पुसत असताना हिला सांगण्यासारखे काही सुचेना, आणि त्यानंतर तिने तिथे जाणेच सोडले. वडिलांच्या आजारपणात तिने कॉलेज सोडून नोकरी धरली होती. धाकटी पुढे इंजिनिअर होऊन बंगळूरुला गेली. या गोष्टीवरून दोघींचे कधीही भांडण झाले नव्हते, आणि माझ्या मते खरी अडचण तीच होती.

चार बहिणींची गोष्ट सांगणाऱ्या, लुइझा मे अल्कॉट या लेखिकेच्या 1868 सालच्या या कादंबरीतला नाताळ आणि चौघींची नाटके वाचकांच्या लक्षात राहतात. पण त्याच पुस्तकात नाटकाला नेले नाही म्हणून चिडलेली धाकटी ॲमी तिच्याहून मोठ्या ज्योच्या गोष्टींची वही जाळून टाकते, ज्यो “कधीही क्षमा करणार नाही” म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर बर्फ कुठे पातळ आहे हे ठाऊक असूनही पाठोपाठ येणाऱ्या बहिणीला सावध करत नाही. ॲमी पाण्यात पडते आणि थोडक्यात वाचते. बहिणींच्या नात्याचे इतके निर्दय चित्रण त्या काळच्या मुलींच्या पुस्तकात यावे, याचे मला आजही नवल वाटते. आपले नाते उणे ठरवण्यापूर्वी हे प्रकरण पुन्हा वाचा, एवढेच मी तिला सांगितले.

पुढे धाकटीशीही बोलून, दोघींनी दर आठवड्याला एक प्रकरण वाचावे आणि रविवारी फोनवर त्याविषयी बोलावे असे ठरवले. बोलायचे ते फक्त पात्रांविषयी. “तूही अशीच आहेस” हे वाक्य वर्ज्य. पुस्तकाचा पुरावा म्हणून वापर सुरू झाला की वाचन संपते आणि खटला उभा राहतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. वाचनाला उपचार म्हणण्याचा मला संकोच वाटतो. स्वतःविषयी जे उच्चारता येत नाही ते ज्योविषयी उच्चारता येते, इतकाच त्याचा उपयोग मी मानते. सुरुवातीचे रविवार रटाळच गेले. धाकटी “छान होतं, ताई” म्हणून विषय आईच्या रक्तदाबाकडे नेत असे.

वही जाळण्याच्या प्रकरणावर मात्र दोघी बराच वेळ बोलल्या. थोरली रागावली होती ती ॲमीवर नव्हे, तर त्याच रात्री राग सोडून दे असे ज्योला सांगणाऱ्या आईवर. “जिचं जळलं तिनेच मन मोठं करायचं, आणि तेही झोपायच्या आत?” असे ती म्हणाली. यावर धाकटीने दिलेले उत्तर तिने मला जसेच्या तसे ऐकवले: “ॲमीने माफी मागितली गं, ताई, पण वही परत कुठून आणणार? ज्योसमोर जायचीच भीती वाटत असेल तिला. मी नाशिकला आले की दोन दिवसांत परत पळते, ते काय मला सुट्टी नसते म्हणून?” नियम मोडला होता, पण तो तिने स्वतःविषयी बोलून मोडला होता, म्हणून मला त्याचे वाईट वाटले नाही.

इतकी वर्षे थोरलीने ज्याला बेपर्वाई मानले, त्यात ऋणाची लाज बरीच होती. हे कळल्याने सोडलेले शिक्षण परत येत नाही, आणि थोरलीचा रागही खोटा ठरत नाही. म्हणून पुढच्या भेटीत आम्ही क्षमेपेक्षा कामाच्या वाटणीवरच अधिक बोललो. आईसाठी दिवसभर बाई ठेवण्याचा खर्च धाकटीने उचलावा आणि मे महिन्यात तिने आईजवळ राहून थोरलीला मोकळे करावे, असे दोघींनी ठरवले. प्रत्यक्ष आयुष्यात लेखिका लुइझानेच आपल्या पुस्तकांच्या कमाईतून धाकटी बहीण मे हिला चित्रकला शिकायला युरोपात पाठवले होते, आणि 1879 मध्ये मे बाळंतपणानंतर वारल्यावर तिची मुलगीही लुइझानेच सांभाळली, हे मी सांगितले तेव्हा थोरली हसून म्हणाली, “म्हणजे तिथेही खर्च थोरलीच्याच माथी!”

हा मार्ग सर्वांसाठी नाही. घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल, अथवा हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी दबाव येत असेल, तर आधी सुरक्षितता आणि वकिलाचा सल्ला पाहावा. तिथे कादंबरी पुढे करणे अन्यायाचे होईल. जिथे वैर नाही, केवळ वर्षानुवर्षांचा अबोला आहे, तिथे दोघींना आवडेल असे कोणतेही पुस्तक चालते, आणि एकीला ते आवडले नाही तर अधिकच बरे, कारण मतभेदाची सवय निरुपद्रवी विषयापासून लागते. या दोघींनी आता दुसरा भाग घेतला आहे. त्यात युरोपची सफर ज्योऐवजी ॲमीच्या वाट्याला येते. त्या प्रकरणावर फोनवर बोलायचे नाही, मे महिन्यात समोरासमोर बसूनच बोलायचे, असे थोरलीने बजावले आहे.